लांब शिडी, कुलूपबंद जिना

१४ सप्टेंबर १८७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका नव्या शिडीची जाहीर चाचणी होती. मिलानच्या पाओलो पोर्ता याने ती रचली होती. चाकांच्या गाड्यावर लाकडी तुकडे एकावर एक चढवत आठ टप्प्यांत ती उभी करायची, आणि भिंतीचा आधार न घेता तिने नुसत्या पायावर तोलून राहायचे. आधीच्या चाचण्यांत ती नीट उभी राहिली होती. त्या दिवशी अग्निशमन दलाचे जवान एकामागोमाग चढू लागले, सर्वांत पुढचा सुमारे शंभर फुटांवर पोचला आणि शिडी मोडली. तिघे गेले. त्यांत दलाचा एक वरिष्ठ अधिकारी होता. यानंतर बरीच वर्षे न्यूयॉर्कने उंच शिडीचा विषय बाजूला ठेवला.

हा प्रसंग बहुधा बाल्यावस्थेतल्या तंत्राचा अपघात म्हणून सांगितला जातो: लाकूड होते, मोडले, मग पोलाद आले आणि प्रश्न सुटला. मला तो तसा वाटत नाही. इमारत जितकी वर जाईल तितकी शिडी वर न्यायची, हे गृहीत त्या चाचणीत पहिल्यांदा मोडले. गेली दीडशे वर्षे ते पुनःपुन्हा मोडते आहे आणि दर वेळी आपण अधिक लांब शिडी मागवतो आहोत.

मुळात शिडीने इमारतीला गाठले होते, असा काळ फार थोडा होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या अग्निशमन दलातल्या डॅनियल हेज या यंत्रज्ञाने १८६८ साली गाडीवर बसवलेल्या उंच शिडीचे पेटंट घेतले. घोड्यांनी ओढायची गाडी, ८५ फुटांची लाकडी शिडी, आणि ती उचलायला चार-सहा जणांनी मिळून फिरवायचा आडवा स्क्रू. तोवर जवान खांद्यावरून आणलेल्या शिड्या भिंतीला टेकवत. हेजच्या यंत्राने शिडी गाडीवरूनच उठू लागली आणि वेळ वाचला. ८५ फूट म्हणजे २६ मीटर. तेव्हाच्या शहराला एवढे भरपूर होते.

पण त्याआधीच एलिशा ओटिसची सुरक्षित लिफ्ट आली होती. जिने चढण्याचा त्रास संपल्यावर वरचे मजले भाड्याने द्यायला सोपे झाले. पाठोपाठ पोलादी सांगाडा आला. १८८५ मध्ये शिकागोत होम इन्शुरन्स बिल्डिंग उभी राहिली: दहा मजले, ४२ मीटर. हेजच्या पेटंटला अवघी सतरा वर्षे झाली होती. शर्यत तिथेच संपली. लिफ्ट आणि सांगाडा या दोन शोधांनी इमारतीला जी मोकळीक दिली, तसली मोकळीक शिडीला मिळणे शक्यच नव्हते.

का, ते समजून घ्यायला थोडे यंत्रशास्त्र लागते. पाण्याने भरलेली बादली छातीशी धरा आणि मग तीच हात लांब करून धरा. वजन तेच, पण खांदा भरून येतो. गाडीवर तोललेली शिडी म्हणजे लांब केलेला हात. तिच्या टोकावरचा माणूस आणि होजपाइप यांचा भार तर असतोच, पण खरा शत्रू असतो शिडीचे स्वतःचे वजन. सारख्या जाडीच्या शिडीची लांबी दुप्पट केली तर झुकलेल्या अवस्थेत तिच्या मुळाशी येणारा ताण चौपट होतो. तो सोसायला मूळ जाड करावे लागते, म्हणजे वजन पुन्हा वाढते, आणि गाडी उलटू नये म्हणून खालचे जॅक अजून पसरावे लागतात. शेवटी शिडीची मर्यादा रस्त्याच्या रुंदीवर आणि जमिनीच्या ताकदीवर येऊन ठेपते. पोलाद कितीही चांगले असले तरी गल्ली रुंद होत नाही.

या मर्यादेच्या आत जे काम झाले ते मात्र थक्क करणारे आहे, आणि त्याचे मोठे श्रेय जर्मनीतल्या उल्म गावाला जाते. तिथला कॉनराड डिट्रिख मागिरुस हा व्यापारी गावाच्या अग्निशमन दलाचा प्रमुखही होता. १८६४ मध्ये त्याने कंपनी काढली, १८७२ मध्ये दोन चाकांची, भिंतीला न टेकता उभी राहणारी शिडी आणली. पुढे त्याच्या वारसांनी फिरत्या तबकडीवर बसवलेली शिडी घडवली, १९१६ मध्ये तिला मोटारीची शक्ती दिली. उचलणे, लांबवणे आणि फिरवणे या तीनही हालचाली आता यंत्राने होऊ लागल्या. लाकूड जाऊन पोलादी जाळीदार कैच्या आल्या, हाताच्या रहाटाऐवजी हायड्रॉलिक पंप आले. एकात एक सरकणारे भाग तारदोरांनी असे जोडले गेले की एक भाग सरकला की बाकीचे प्रमाणात सरकतात. अलीकडच्या गाड्यांत संगणक सतत हिशेब करत असतो: जॅक किती पसरले आहेत, शिडी किती अंशांत आहे, पिंजऱ्यात किती वजन आहे. धोक्याच्या रेषेपाशी तो शिडीला पुढे जाऊच देत नाही. टोकाचे डोलणे मोजून उलट दिशेने सूक्ष्म हालचाल करत ते शमवण्याचीही सोय झाली आहे. १८७५ चा अपघात या गाड्यांवर होऊ नये, इतकी काळजी घेतलेली आहे.

दुसरी वाट शिकागोने काढली. तिथले अग्निशमन आयुक्त रॉबर्ट क्विन यांनी १९५८ मध्ये झाडे छाटण्यासारख्या कामांसाठी वापरला जाणारा दुमडता यांत्रिक हात आगीवर वापरून पाहिला. टोकाला पिंजरा, पिंजऱ्यात जवान आणि पाण्याची तोटी. उंची जेमतेम पन्नास फूट. पण कोपरात वाकणारा हात कठड्यावरून पलीकडे उतरू शकतो, सरळ शिडीला ते जमत नाही. याला स्नॉर्केल म्हणू लागले आणि आपल्याकडेही बंबवाल्यांच्या तोंडी तेच नाव आहे. फिनलंडच्या ब्राँटो कंपनीने सरकता आणि वाकता असे दोन्ही हात एकत्र करून हीच कल्पना ११२ मीटरपर्यंत नेली.

इथपर्यंतची कहाणी यंत्राच्या यशाची आहे. मात्र या काळात शहरांनी शिडीकडून नक्की काय अपेक्षा ठेवली, हे बघितले की चित्र बदलते.

२५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्या ॲश बिल्डिंगमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. इमारत दहा मजली, कारखाना वरच्या तीन मजल्यांवर. बंब लवकर आले, शिडी उभी राहिली आणि सहाव्या मजल्याशी थांबली. खिडक्यांतून उड्या मारणाऱ्यांच्या भाराने खाली धरलेली जाळी फाटली. १४६ जण मेले, त्यांत बहुतेक स्थलांतरित कुटुंबांतल्या मुली. आखूड शिडीचे ते चित्र जगभर गेले. खरे तर नवव्या मजल्यावरचे जिन्याचे दार कुलूपबंद होते, बाहेरचा लोखंडी जिना लोकांच्या वजनाने कोसळला, मजल्यांवर स्प्रिंकलर नव्हते. शिडी दहा मजल्यांची असती तरी धुरात कोंडलेल्या शेकडो मुली तिच्या एका टोकावरून किती उतरल्या असत्या?

न्यूयॉर्कने यातून काढलेला निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. दलाचे प्रमुख एडवर्ड क्रोकर यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला आणि उरलेले आयुष्य आग लागू नये या कामाला वाहून घेतले. कायदा बदलला. सात मजल्यांपेक्षा किंवा ९० फुटांपेक्षा उंच कारखाना, लाकडी तक्तपोशी, आणि त्या उंचीच्या वर दोनशेहून अधिक कामगार असतील तर स्प्रिंकलर सक्तीचे झाले. ९० फूट हा आकडा बघा. हेजच्या शिडीच्या जवळपासचाच तो आहे. जिथे शिडी संपते तिथून पुढे इमारतीने स्वतःला वाचवायचे, असा तो करार होता. शिडीला मागे टाकायची परवानगी इमारतीला मिळाली, पण फुकट नाही.

जर्मनांनी हा करार सर्वांत काटेकोरपणे लिहिला. तिथल्या नमुना इमारत-नियमात ज्या इमारतीच्या राहत्या मजल्याची जमीन २२ मीटरपेक्षा वर असेल ती उंच इमारत. २२ च का? कारण तिथली नेहमीची गाडीवरची शिडी २३ मीटर उंचीवर, गाडीपासून १२ मीटर अंतर ठेवूनही पोचते. सात मीटरच्या आतल्या मजल्यांना हाताने लावायची शिडी पुरते. त्याच्या वर, २२ मीटरपर्यंत, गाडीवरची शिडी हा सुटकेचा दुसरा रस्ता मानला जातो आणि म्हणून ती गाडी येण्याची, उभी राहण्याची जागा मोकळी ठेवणे मालकाचे काम असते. २२ च्या वर शिडीचा हिशेबच धरत नाहीत. तिथे दोन स्वतंत्र जिने हवेत, किंवा धूर शिरणारच नाही असा एक संरक्षित जिना. याची किंमतही जर्मन शहरे मोजतात. २२ मीटरच्या जरा खाली येऊन थांबलेल्या एकसारख्या इमारतींच्या रांगा त्यातूनच आल्या. पण शिडी आणि इमारत एकमेकींशी खरे बोलतात. लंडननेही १८९४ च्या कायद्यात ८० फुटांची मर्यादा घातली होती. त्यामागे उजेड-वाऱ्याचा प्रश्न होता, तसा शिडीच्या पोचेचाही.

करार विसरला की काय होते ते त्याच लंडनने १४ जून २०१७ ला पाहिले. ग्रेनफेल टॉवर, २४ मजले, ६७ मीटर, ७२ मृत्यू. लंडनच्या स्वतःच्या शिड्या जेमतेम ३२ मीटरच्या, म्हणून शेजारच्या सरे परगण्यातून ४२ मीटरची गाडी मागवावी लागली. लगेच ओरड झाली आणि नंतर लंडनने ६४ मीटरच्या शिड्या घेतल्या. घेतल्या ते बरेच झाले. पण आग भिंतीबाहेरून चढली ती प्लॅस्टिक भरलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमुळे, आणि आत जिना एकच होता. इंग्लंडमध्ये नंतर आलेला नियम जास्त बोलका आहे: १८ मीटर आणि त्याहून उंच नव्या निवासी इमारतींना ३० सप्टेंबर २०२६ पासून दुसरा जिना सक्तीचा. वर्तमानपत्रात फोटो शिडीचा छापून येतो. माणसे जिन्याने वाचतात.

आता मुंबईकडे येऊ. मुंबई अग्निशमन दलाच्या ताफ्यात ९० मीटरपर्यंत पोचणारा हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म आहे. त्याच शहरात लोअर परळला २८० मीटरचा वर्ल्ड वन उभा आहे. या दोन आकड्यांतली तफावत दाखवून शिडी अपुरी असल्याच्या बातम्या नियमाने येतात. मग आणखी उंच गाडीची मागणी होते, आणि तशी गाडी आली की नारळ फुटतो. मला या मागणीत एक सोयीची पळवाट दिसते. शिडी महापालिकेने घ्यायची असते, जिना मोकळा ठेवायचा तो आपण. शिडी मागायला काही सोडावे लागत नाही.

समजा तीस मजल्यांची इमारत आहे, मजल्यावर चार घरे, घरात चार माणसे. म्हणजे ४८० माणसे. पिंजऱ्यात एका फेरीला पाच जण धरले तर ९६ फेऱ्या. वर जाणे, खिडकीशी जुळवून घेणे, घाबरलेल्या माणसांना आत घेणे, खाली आणणे याला पाच मिनिटे धरली, जी वरच्या मजल्यांसाठी फारच उदार आहेत, तरी आठ तास. आग आठ तास थांबत नाही, आणि धूर तर आठ मिनिटेही थांबत नाही.

त्यात मुंबईतली इमारत शिडीला जवळ येऊ देत नाही. खाली पार्किंगचा पोडियम पसरलेला, त्याच्या मधोमध टॉवर. गाडी रस्त्यावर उभी राहिली तर आडव्या अंतरातच तिची अर्धी ताकद जाते, कारण आडवी जितकी जाईल तितकी उंची कमी होते. आवारात शिरली तर जॅकखाली भूमिगत पाण्याची टाकी आहे का, स्लॅब तो भार घेईल का, हा प्रश्न. वर पोचलीच तर काचेची न उघडणारी भिंत. जुन्या इमारतींत उलट: चोराच्या भीतीने प्रत्येक खिडकीला बसवलेली लोखंडी जाळी, जी जवानाला आगीच्या तोंडावर कापत बसावी लागते. लाखो घरांनी आपापल्या खर्चाने शिडीचा रस्ता बंद केला आहे. याबद्दल अजून कुठला मोर्चा निघालेला मी पाहिला नाही.

आपला कायदा कागदावर वाईट नाही. राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटरपासूनच इमारतीला उंच मानते. मुंबईच्या नियमांत २४ मीटरच्या आसपास आणि पुढे दर सात मजल्यांनी आसऱ्याची मोकळी जागा, म्हणजे रेफ्यूज एरिया, हवी. शिवाय रायझर, म्हणजे वरच्या मजल्यांपर्यंत पाणी नेणारा उभा नळ, स्प्रिंकलर, फायर लिफ्ट. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा तर स्पष्टच सांगतो की ही यंत्रणा चालू ठेवणे मालकाची आणि वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि दर वर्षी जानेवारी व जुलैत परवानाधारक संस्थेकडून तसे प्रमाणपत्र द्यायचे आहे. हा करार न्यूयॉर्क किंवा जर्मनीपेक्षा कमी कडक नाही. तो पाळला जात नाही, एवढेच. २२ ऑगस्ट २०१८ ला परळच्या एका सतरामजली इमारतीत बाराव्या मजल्यावर आग लागली आणि चौघे गेले. इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालत नव्हती, असे दलाने सांगितले. सतरा मजले उंच शिडीच्या आवाक्यातलेच आहेत. २१ जून २०१२ ला मंत्रालय जळाले ते तर सातच मजल्यांचे, भोवती रुंद रस्ते. तरी पाच जण दगावले.

यावर अग्निशमन दलातला माणूस म्हणेल, तुम्ही घरी बसून शिडीची टिंगल करता. ती बाजू मी मोडीत काढत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताजमहाल हॉटेलच्या खिडक्यांना शिड्या लावून जवानांनी दोनशेच्या आसपास माणसे बाहेर काढली, दहशतवाद्यांचा गोळीबार चालू असताना. तिथे जिने खरोखरच बंद होते, कारण जिन्यांवर बंदुका होत्या. शिडी नसती तर ती माणसे नसती. शिवाय शिडी फक्त माणसे उतरवायला लागत नाही. बाहेरून पाण्याचा मारा करायला, शेजारच्या इमारतीला झळ लागू नये म्हणून पाण्याची भिंत धरायला, आत गेलेल्या जवानांना मागे फिरायचा दुसरा रस्ता द्यायला ती लागते. ही शेवटची गरज आपण विसरतो. आत जाणारा जवानही कुणाचा तरी मुलगा आहे आणि त्याला जिन्याखेरीज दुसरी वाट हवी.

पण ताजचीच गोष्ट नीट पाहा. जुना ताज मोजक्या मजल्यांचा, समोर मोकळा रस्ता, उघडणाऱ्या मोठ्या खिडक्या. शिडीला जे हवे ते सगळे तिथे होते. शिडी उत्तम काम करते ती दहा ते तीस मीटरच्या पट्ट्यात, आणि लवकर पोचली तरच. म्हणून एका ९० मीटरच्या गाडीपेक्षा त्याच पैशांत येतील तितक्या तीस मीटरच्या, आखूड बांध्याच्या, गल्लीत वळणाऱ्या शिड्या मला जास्त मोलाच्या वाटतात. पुनर्वसनाच्या दाटीवाटीने उभ्या इमारती, जुन्या चाळींच्या जागी आलेले दहा-बारा मजले, भिवंडी-उल्हासनगरसारख्या शहरांतले गाळे आणि त्यावरची घरे, ही शिडीची खरी रयत आहे. नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथे आता टॉवर वर जात आहेत. त्यांच्या महापालिकांनी मुंबईची लांब गाडी पाहून हेवा करू नये. आपल्या शहरात किती केंद्रांत चालू शिडी आहे, ती चालवणारा प्रशिक्षित माणूस तिन्ही पाळ्यांत आहे का, आणि किती रस्त्यांवर तिचे चारही जॅक टेकू शकतात, एवढा तक्ता त्यांनी आधी करावा. परवानगी देताना इमारतीची उंची त्या तक्त्याशी बांधावी: शिडी पोचेल तेवढ्या उंचीला एक नियम, पुढच्या प्रत्येक मीटरला आतल्या यंत्रणेची अधिक कडक तपासणी, आणि ती चालत नसेल तर वरच्या मजल्यांचा वापर बंद. बिल्डर कुरकुरतील, रहिवासी त्याहून जास्त.

रहिवासी म्हणजे आपणच. तुमच्या सोसायटीची पुढची सर्वसाधारण सभा येईल तेव्हा पार्किंगच्या भांडणाआधी एक विषय पटलावर घ्या. या वर्षीचे जानेवारी आणि जुलैचे प्रमाणपत्र दाखवा म्हणा. ते देणाऱ्याने पंप चालू करून वरच्या मजल्यावरच्या होजपाइपला पाणी आणून दाखवले होते का, ते विचारा. मग सभा संपल्यावर सगळ्यांनी मिळून जिन्याने खाली उतरा. वाटेत लागणाऱ्या सायकली, कुंड्या, चपलांची कपाटे मोजा, आणि रेफ्यूज एरियाच्या दाराला कुलूप असेल तर ते त्याच दिवशी काढा.